दूरचित्रवाणीचा परवाना आणि आकाशाची मालकी

(दिघी येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून मी दिघीच्या धक्क्यावर उतरलो, तेव्हा मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी मला थांबवले. खाडीच्या पलीकडे माझे आजोळ असल्याने त्यांची माझी ओळख जुनी आहे. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले, म्हणून विचारते. पोराने कौलावर फुकटची छत्री बसवलीय. महिन्याचे पैसे भरायचे नाहीत म्हणतो. पण केबलचे पैसे गोळा करणारा पोरगा म्हणाला, हे बेकायदा आहे. ही चोरी तर नाही ना? उद्या कोणी पोलीस घेऊन आला म्हणजे?"

मी त्यांना सांगितले, "मावशी, चोरी नाही. पूर्ण कायदेशीर आहे. निश्चिंत बघा." त्यांचे समाधान झाले आणि त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. माझे समाधान मात्र झाले नाही. एका कष्टकरी स्त्रीला सार्वजनिक मालकीची वस्तू वापरताना चोरी केल्यासारखे का वाटावे? आणि जी वस्तू पैसे न देता मिळते, तिच्याविषयी तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे तिला कधी वाटेल काय? आज दुपारी आपल्याशी 'सार्वजनिक क्षेत्र' या विषयावर बोलावे असे मला सांगण्यात आले होते. त्या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण या मावशींच्या कौलावर आहे, तेव्हा मी तिथूनच सुरुवात करतो.

परवान्याचे दिवस

आपल्यातील तरुण साथींना हे ठाऊक नसेल की, या देशात एके काळी घरात रेडिओ ठेवण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. मी शाळेत होतो तेव्हा रेडिओचा परवाना वर्षाला १५ रुपये होता. पुढे दूरचित्रवाणी संच आले, त्यांचा परवाना ५० रुपये झाला. परवान्याचे एक लहानसे पुस्तक असे. वडील ते दरवर्षी टपाल कचेरीत नेत, रक्कम भरीत आणि त्यावर तिकीट व शिक्का मारून घेत. रेशनकार्डाइतक्याच काळजीने ते पुस्तक ट्रंकेत ठेवलेले असे, कारण तपासनीस दारात येऊन ते मागू शकत असे आणि परवाना नसेल तर दंड होई, प्रसंगी संचही जप्त होई.

ही पद्धत आली कशी? २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवाना शुल्क द्यावे व त्यातील ८० टक्के कंपनीला मिळावेत, असा करार होता. त्या काळच्या १० रुपयांचा विचार केला म्हणजे हा श्रोता कोण असणार हे उघड आहे. परवाने काही हजारांच्या पुढे गेले नाहीत, अनेक जण परवान्याशिवायच ऐकत राहिले आणि १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. मग सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले व १९३३ मध्ये कायदा करून परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. ध्यानात घ्या, गुन्हा ऐकण्याचा नव्हता. यंत्र बाळगण्याचा होता. परकीय सत्तेला महसूल हवा होता, आणि बिनतारी यंत्र कोणाच्या घरात आहे याची नोंदही हवी होती.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा आणि हे शुल्क आपण तसेच चालू ठेवले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि संचासाठीही परवाना आला. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह कामाला लागला आणि देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले. संचांची संख्या इतकी वाढली की, घरोघर फिरून ५० रुपये गोळा करण्याचा व्याप परवडेनासा झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यास रेडिओ व दूरचित्रवाणी या दोहोंचाही घरगुती परवाना रद्द करण्यात आला. तेव्हापासून भारतात घरी दूरचित्रवाणी पाहण्यासाठी परवाना लागत नाही. मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एवढेच आहे.

परवाना गेला, हे बरे झाले की वाईट?

काही विचारवंत मित्र मला सांगतात की, परवाना गेला आणि प्रसारण बिघडले. इंग्लंडमध्ये श्रोते-प्रेक्षक स्वतः शुल्क देतात म्हणून बीबीसी सरकारपुढे ताठ उभी राहते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. यात तथ्य नाही असे नाही. पण शुल्काची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

इंग्लंडमधील परवाना १ एप्रिल २०२५ रोजी १७४ पौंड ५० पेन्स करण्यात आला. लंडनमधील धनिक आणि एका खोलीत राहणारी सफाई कामगार स्त्री, दोघांनाही रक्कम एकच. उत्पन्न कितीही असो, डोईमागे अथवा घरामागे सारखाच बसणारा कर हा गरिबाच्या खिशातून प्रमाणाने जास्त काढतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. तेथे शुल्क चुकवणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात दोषी ठरणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, कारण तपासनीस येतो तेव्हा दार उघडायला घरात त्याच असतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सर्वांना मिळणारी सूट २०२० मध्ये काढून घेण्यात आली. आता ती फक्त ठरावीक निर्वाहसाहाय्य घेणाऱ्या वृद्धांपुरती उरली आहे. आपली जी मराठी कुटुंबे तिकडे आहेत, त्यांना हा हिशेब दरवर्षी करावा लागतो: थेट प्रक्षेपण पाहायचे किंवा बीबीसीची आयप्लेअर सेवा वापरायची, तर परवाना घ्या, दोन्ही सोडून इतर सेवांवरचे मागणीनुसार मिळणारे कार्यक्रम तेवढे पाहायचे, तर परवान्याची गरज नाही. म्हणजे कायद्याने बिनपरवाना पाहण्याची वाट तेथेही आहे, पण ती सार्वजनिक प्रसारण सोडून खासगी दुकानाकडे जाते. जर्मनीने २०१३ पासून संच असो वा नसो, प्रत्येक घरावर वर्गणी बसवली. फ्रान्सने २०२२ मध्ये परवाना शुल्क रद्दच केले. प्रश्न सर्वांपुढे आहे आणि उत्तर कोणालाच पुरते सापडलेले नाही.

आपल्याकडील अनुभव तर आणखी बोलका आहे. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरून ऐकणारा श्रोता १५ रुपये भरणारा परवानाधारकच होता. पुढचे जवळपास एकवीस महिने त्याने सरकारची स्तुती ऐकली आणि तीही स्वतःच्या पैशाने. त्याने भरलेले पैसे सरकारी तिजोरीत जात. त्याच्या हातात पावती येई, पण अधिकार येत नसे. तेव्हा साथींनो, परवाना गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. तो अन्याय्य कर होता आणि त्याने स्वातंत्र्यही राखले नाही. दुःख असेल तर ते निराळे आहे. पावती गेली, आणि तिच्याबरोबर 'या प्रसारणाचा खर्च मी करतो' ही जाणीवही गेली.

दीपगृहाचा दाखला

आपण या खाडीच्या मुखाशी बसलो आहोत. इथून फार दूर नाही, नानवेलच्या टोकावर दीपगृह आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहच दिले जाते. एका होडीने तो प्रकाश पाहिला म्हणून दुसऱ्या होडीसाठी तो कमी होत नाही, आणि जिने पैसे दिले नाहीत तिच्यापुरता तो विझवताही येत नाही. म्हणून त्याचा खर्च बाजारावर सोडून भागत नाही. तो समाजाने उचलावा लागतो. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये एक सुप्रसिद्ध निबंध लिहून दाखवले की, इंग्लंडमधील दीपगृहांचा खर्च जहाजांकडून बंदरात शुल्क घेऊन भागवला जात असे. आपल्याकडेही १९२७ च्या दीपगृह कायद्याने असेच शुल्क ठरवले होते, आणि २०२१ च्या नव्या कायद्यातही बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेण्याची तरतूद आहे. कोस यांचे म्हणणे मी नाकारीत नाही. पण शुल्क बंदरात, मोठ्या जहाजाकडून, माल उतरवताना घेतले जाते. रात्री वाऱ्यात सापडलेल्या होडीला 'आधी पैसे, मग प्रकाश' असे कोणी म्हणत नाही.

आता दूरचित्रवाणी पाहा. उपग्रहावरून एकदा लहर निघाली की ती दिघीच्या कौलावर पडते, तशीच दिल्लीच्या गच्चीवरही पडते. मावशींनी ती पाहिली म्हणून एक पैसाही खर्च वाढत नाही. मात्र यंत्रशास्त्राने एक युक्ती शोधली: लहर कुलूपबंद करून पाठवायची आणि किल्ली विकायची. दरमहा पैसे भरून जी पेटी आपण चालू करतो, ती म्हणजे ही किल्ली. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५८ मध्येच हा मुद्दा मांडला होता. कुलूप लावता येते, एवढ्यावरून कुलूप लावणे योग्य ठरत नाही. आणखी एका प्रेक्षकाचा खर्च जर शून्य आहे, तर किंमत लावून त्याला बाहेर ठेवण्याने समाजाचे नुकसानच होते. हे सॅम्युएलसन यांनी म्हटले, ज्यांना कोणी समाजवादी म्हणणार नाही.

आकाश कोणाचे?

दुसरा आधार कायद्याचा आहे, आणि तो आपल्याच एका न्यायमूर्तींनी दिला. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगाल क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले आणि त्यावरून केंद्र सरकारशी तिचा वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट केले की, ध्वनिलहरी व प्रकाशचित्रे वाहून नेणाऱ्या या आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी नको आणि बाजाराचीही नको, हा त्या निकालाचा आशय. माहिती मिळवणे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असेही न्यायालयाने मानले.

हा निकाल डोळ्यांसमोर ठेवला की मावशींच्या प्रश्नाची दिशाच बदलते. आकाश जर सर्वांचे, तर त्यातून आलेली उघडी लहर छत्रीत धरणारी स्त्री ही मालकांपैकी एक आहे. विहीर गावाची असेल तर पाणी भरणारीला कोणी चोर म्हणत नाही.

छत्रीमागची गोष्ट

आता ही छत्री नेमकी काय आहे ते सांगतो, कारण उद्या तुम्हाला घरोघर हे सांगावे लागेल. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाची उपग्रह सेवा सुरू केली. तीच आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. एकदा छत्री व पेटी विकत घ्यायची. साधारण दीड-दोन हजार रुपयांत काम होते. त्यानंतर दरमहा काही नाही, नोंदणी नाही, रिचार्ज नाही. सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या माथ्यावर आहे. म्हणून दिघीत छत्रीचे तोंड आग्नेयेला आणि चांगले वर करावे लागते. पूर्वी मुंबईचे प्रक्षेपण या खाडीत येईपर्यंत अंतरामुळे व डोंगरांमुळे क्षीण होई. आता लहर डोंगराच्या डोक्यावरून येते. प्रसार भारतीच्या अंदाजाप्रमाणे देशात चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा पोचली आहे. तिच्यावर सह्याद्री वाहिनी दिसते, संसदेच्या वाहिन्या दिसतात, बातम्या आणि मनोरंजन दिसते.

याउलट केबलचा हिशेब पाहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा नुसत्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, असे १५३ रुपये ४० पैसे दरमहा ठरले. त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत. मासळीच्या हंगामात हे पैसे निघतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सर्वांत आधी केबल तुटते. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. केबलचालक आपला शत्रू नव्हे. तो बहुधा आपल्यासारखाच छोटा माणूस आहे, आणि मोठ्या वाहिन्या व मोठ्या वितरकांच्या जात्यात तोही भरडला जातो. त्याच्या तारेवर चोरून आकडा टाकणे, कुलूप तोडलेल्या पेट्या वापरणे, चोरीचे ॲप भरून सामने पाहणे, हे कायद्याने गुन्हे आहेत आणि आपल्या नीतीतही ते बसत नाहीत. ज्याला उघड दार आहे त्याने खिडकी फोडू नये.

या उघड्या दाराचा एक चमत्कारिक परिणाम सांगतो. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्रण खासगी हक्कधारकांनी प्रसार भारतीला देणे सक्तीचे केले. जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान तीन-चतुर्थांश हिस्सा हक्कधारकाकडेच राहतो. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे चित्रण दूरदर्शनने स्वतःच्या भूप्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवावे. खासगी केबलवरून ते पुढे जाऊ नये. परिणाम असा की, असा सामना दूरदर्शनवर असतो तेव्हा दरमहा पैसे भरणाऱ्याला त्यासाठी आणखी पैसे मोजावे लागतात, आणि मावशींचा मुलगा तोच सामना बिनखर्चाने पाहतो. कायदा नीट वापरला तर गरिबाच्या बाजूने कसा उभा राहतो, याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

'फुकट' कोणी म्हटले?

फुकट या शब्दावर माझा मोठा राग आहे. आज दूरचित्रवाणी संचावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. १० हजार मूळ किमतीच्या संचावर १८०० रुपये कर झाला. जुन्या परवान्याच्या दराने ही ३६ वर्षांची रक्कम आहे. रुपयाची किंमत मधल्या काळात किती घसरली, हे मी विसरलो नाही. पण परवाना गेल्यावर कर गेला नाही, तो फक्त पावतीवरून बिलात शिरला, एवढे ध्यानात घ्या. शिवाय जाहिरातीचा खर्च साबणाच्या वडीत असतो, चहाच्या पुडीत असतो. दूरचित्रवाणी ज्याच्या घरी नाही तोही तो भरतो.

आणि मग प्रसारणाचा मालक कोण होतो? जो पैसे देताना दिसतो तो. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने विकल्या जातात आणि त्यातून प्रसार भारतीला वर्षाकाठी शेकडो कोटी रुपये मिळतात. ही रक्कम सार्वजनिक प्रसारणाला हवीच आहे. पण लिलावात जो जास्त बोली लावील तो आत, असा नियम झाला की, हिंदी मनोरंजन वाहिन्यांची गर्दी होते आणि मराठी वाहिन्या मोजक्या उरतात. त्यात खासगी वाहिन्यांना इथे राहणे फायद्याचे वाटेल तोवरच त्या राहतात. मार्च २०१९ मध्ये नव्या दरपद्धतीनंतर मोठ्या समूहांनी आपल्या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काहींनी काढल्या. गरीब प्रेक्षकाला विचारण्याचा प्रश्नच आला नाही. गावचा पाणवठा जर सावकाराच्या मर्जीवर भरत असेल, तर तो गावचा कसला?

दुसरीकडे सरकारी अनुदान आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारण यंत्रणेच्या विस्तारासाठी २५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली. तीत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांवर पेट्या मोफत वाटण्याची तरतूद होती. योजना चांगली. पण महाराष्ट्रातील आकांक्षित जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. रायगड त्यांत नाही. मुंबईच्या जवळचा, कारखान्यांचा, बंदरांचा जिल्हा म्हणून रायगड कागदावर श्रीमंत ठरतो; या दिघीत २०२१ पासून बंदर एका मोठ्या उद्योगसमूहाच्या हाती आहे, आणि २०२४ मध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीला केंद्राची मंजुरीही मिळाली. त्या श्रीमंतीची सरासरी काढली की कोळीवाडा तिच्यात बुडून दिसेनासा होतो.

पाऊस पडतो तेव्हा

आता मी ज्या गोष्टीसाठी खरोखर इथे उभा आहे, ती सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब मोडले. त्या दिवसाची आठवण इथे कोणाला करून द्यायला नको.

उपग्रहावरून छत्रीत येणारी लहर अतिशय आखूड असते आणि मुसळधार पावसात ती क्षीण होते. पडद्यावर चौकोन उमटतात आणि चित्र थांबते. म्हणजे ज्या वेळी इशाऱ्याची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी छत्री मुकी होते. जमिनीवरील प्रक्षेपकाच्या लहरीला पावसाचा एवढा त्रास नसे. पण सुमारे ५० मोक्याची ठिकाणे वगळता दूरदर्शनचे जमिनीवरील जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. खर्चाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे, कारण साध्या अँटेनावर पाहणारी घरे फार थोडी उरली होती. मात्र हिशेब मांडताना वादळाच्या रात्रीची किंमत कोणत्या रकान्यात धरली, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. म्हणून माझा आग्रह आहे की, किनाऱ्यावर आकाशवाणीची मध्यम लहरींची केंद्रे पूर्ण शक्तीने चालू राहिली पाहिजेत आणि प्रत्येक होडीत, प्रत्येक घरात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ असला पाहिजे. मोबाइलवर इशारा येतो हे खरे; पण मनोरा पडला की मोबाइलही छत्रीसारखाच मुका. दीपगृह एकच असून चालत नाही, हे दर्यावर्दी लोकांना मी सांगण्याची गरज नाही.

आपण काय करावे?

टाळ्या घेणारी घोषणा माझ्याजवळ नाही. चार कामे सांगतो.

पहिले काम सांगण्याचे. कोळीवाड्यात, मोहल्ल्यात, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर जाऊन सांगा की, घरी दूरचित्रवाणी पाहण्यास परवाना लागत नाही, फ्री डिश कायदेशीर आहे, आणि कोणी तिच्या नावाने दरमहा वर्गणी मागत असेल तर ती देऊ नका. भीती ही अज्ञानावर पोसते आणि तिची वसुली नेहमी गरिबाकडून होते.

दुसरे काम मागणीचे. फ्री डिशवर मराठीसह प्रत्येक राज्यभाषेसाठी काही जागा लिलावाबाहेर राखून ठेवाव्यात. सह्याद्री वाहिनीवर किनारपट्टीसाठी हवामान, मासेमारी आणि बाजारभाव यांचा रोजचा ठरावीक कार्यक्रम असावा. 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्यासाठी जे केले, ते दर्यावरच्या माणसासाठीही व्हायला हवे.

तिसरे काम पेट्यांचे. मोफत वाटपाचा निकष जिल्ह्याच्या सरासरीवर न ठेवता कुटुंबाच्या परिस्थितीवर ठेवा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेत करून घ्या. ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक सामायिक संच आणि एक रेडिओ असावा, हेही त्याच ठरावात घाला.

चौथे काम सर्वांत अवघड, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. आणीबाणीनंतर १९७८ मध्ये वर्गीज समितीने सरकारच्या हाताबाहेर राहणारी स्वायत्त प्रसारण संस्था सुचवली. १९९० मध्ये प्रसार भारती कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. त्या कायद्यात खासदारांच्या समितीची आणि प्रेक्षक-श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद करण्यात आली. त्या कलमांचा पुरा अंमल मागा. वृत्तपत्राला पत्र लिहा, आपल्या खासदाराला विचारा, सह्या गोळा करा. सत्तेवर कोणता पक्ष आहे यावर ही मागणी अवलंबून असता कामा नये. आपला मित्र सत्तेवर असताना जो ही मागणी करील, तोच खरा.

साथींनो, हल्ली 'लाभार्थी' हा शब्द फार चलनात आहे. लाभार्थी हात पसरतो आणि मिळाले की आभार मानतो. आपण छत्रीखालच्या माणसाला लाभार्थी होऊ देता कामा नये. त्याने कर भरला आहे, साबणाच्या वडीत जाहिरात भरली आहे, आणि आकाशाचा तो सहमालक आहे. तेव्हा त्याने पाहावे, आणि पाहून झाल्यावर विचारावे: आमच्या गावची बातमी का नाही? सरकारवरची टीका का नाही? इशारा मराठीत आणि वेळेवर का नाही?

संध्याकाळी परत जाताना त्या मावशी धक्क्यावर भेटल्या तर मी त्यांना सकाळी अर्धेच सांगितलेले पुरे करणार आहे. ही चोरी नाही, हे त्यांना कळले. आता त्यांना सांगायचे आहे की, मावशी, पैसे तुम्ही भरलेले आहेत. पावती मिळाली नाही, एवढेच. हिशेब मात्र मागायचा.